रात्री साडेआठचा फोन : वडगावातल्या एका घराचं प्रकरण

बेळगावच्या वडगावातलं घर. पुढच्या खोलीत एके काळी दोन हातमाग होते. आता तिथं दिवाण, टीव्ही आणि कोपऱ्यात तिपाईवर टेलिफोन. घरात चौघं: काकू, वय चौसष्ट, सातवीपर्यंत शिकलेल्या, त्यांचा मुलगा, सून, आणि तिसरीतली नात. काका जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा उद्यमबागेत मशिन शॉपमध्ये आहे. एक आठवडा पहिली पाळी, सात ते तीन. पुढचा आठवडा दुसरी, तीन ते अकरा. लँडलाईन कधीच काढून टाकली असती, पण नंबर काकांच्या वेळचा, सगळ्या पाहुण्यांना तोंडपाठ. फायबर घेतलं तेव्हा नेटबरोबर तोच नंबर चालू ठेवला.

मी शेजारचा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे फोनचं काहीही असलं की गल्लीतले लोक माझ्याकडे येतात. घरातल्यांच्या परवानगीने हे लिहितोय. ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत. बाकी घडलं तसं.

२०२५च्या जूनमध्ये फोन सुरू झाले. रात्री आठ-साडेआठनंतर घंटी वाजायची, उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. काकूंना वाटलं लाईन खराब आहे. म्हणून तर त्या माझ्याकडे आल्या. "अण्णा, रोज फोन येऊलालाय ओ. कोण बोलत न्हाई, नुसता श्वास ऐकू येतोय." लाईन खराब असती तर खरखर आली असती. श्वास ऐकू येतोय म्हणजे पलीकडे माणूस आहे. हे त्यांना सांगताना मला बरं वाटलं नाही, पण सांगितलं.

असं काही आलं की मी आधी एक गोष्ट पाहतो: हा फोन घराला आहे की नंबराला? जाहिरातीचे फोन नंबराला असतात, शेजाऱ्याचा नंबर लागला असता तरी त्यांना चाललं असतं. ते १४०ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून येतात, १९०९ला नोंद केली की बरेच कमी होतात. पोलीस असल्याची बतावणी करून 'डिजिटल अटक' करणारे चोरही तसेच, त्यांच्यासाठी १९३०. तिसरे वसुलीवाले. २०२५च्या सुरुवातीला आमच्या जिल्ह्यात मायक्रो फायनान्सच्या वसुलीने माणसं हैराण झाली होती, सरकारला फेब्रुवारीत अध्यादेश काढावा लागला. त्यामुळे पहिला प्रश्न मी तोच विचारला: कुणाचं कर्ज, कुणाला जामीन? वसुलीवाला पैशाचं नाव काढल्याशिवाय राहत नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्याला संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. इथं वेळ रात्रीची, पैशाचा उल्लेख नाही. म्हणजे चौथा प्रकार. ओळखीचा माणूस.

घरातल्यांनी तो ओळखीचा माणूस ठरवूनही टाकला होता. काकूंच्या दिराचा मुलगा, अनगोळला राहणारा. घराच्या वाटणीवरून दोन वर्षं बोलणं जेमतेम. मुलगा म्हणाला, "दुसरं कोण असणार ओ? रविवारी जाऊन विचारतोच." मी त्याला दारातून परत बसवलं. संशय खरा ठरला असता तर समोरचा सावध होऊन सिम फेकून देणार, खोटा ठरला असता तर नातं कायमचं गेलं असतं. दोन्हीकडून आपलंच नुकसान.

त्या दिवशी दोन कामं केली. घरातल्या फोनला नंबर दिसायची सोय नव्हती. माझ्याकडचा जुना कॉलर आयडीचा सेट आणून लावला. आणि नातीच्या दप्तरातली एक कोरी शंभर पानी वही काकूंच्या हातात दिली. वार, तारीख, घड्याळातली वेळ, कुणी उचलला, काय बोलला, मागे काय आवाज होता, किती वेळात ठेवला. सोमवार, ३० जूनपासून वही सुरू झाली.

इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण या एका बाबतीत जवळजवळ प्रत्येक घरात चुकीचा सल्ला दिला जातो. 'त्याला बोलत ठेव, म्हणजे सापडेल.' हा सल्ला माझ्या उमेदीच्या काळात बरोबर होता. स्ट्रोजर पद्धतीच्या जुन्या यांत्रिक एक्सचेंजात कॉल म्हणजे खरोखर एकामागून एक अडकलेले सिलेक्टर, म्हणजे कॉल जोडणारे यांत्रिक स्विच, असायचे. कुणाला त्रासाचा फोन आला तर आतला मेकॅनिक त्या घराच्या तारांच्या जोडापासून उलटा माग काढत, रॅकमागून रॅक बघत जायचा. फोन ठेवला की सिलेक्टर सुटायचे आणि माग तिथंच संपायचा. म्हणून बोलत ठेवायला लागायचं. आता फोन उचलून दोन सेकंदांत ठेवला तरी कंपनीच्या यंत्रात नोंद पडते: कुठल्या नंबरावरून कुठल्या नंबरावर, किती वाजता, किती सेकंद, मोबाईल असेल तर कुठल्या टॉवरवरून आणि कुठल्या हँडसेटमधून. डिसेंबर २०२१पासून या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षं जपून ठेवाव्या लागतात. तुम्ही बोलत राहिलात तर त्या नोंदीत काडीची भर पडत नाही. त्याला मात्र हवं ते मिळतं: तुमचा आवाज, तुमची भीती.

पण त्या नोंदीत एक गोष्ट नसते. शब्द. तो काय बोलला हे कंपनीकडे नाही. पोलिसांनी उद्या सगळे कागद मागवले तरी त्यात 'रात्री ८.४२, ३५ सेकंद' एवढंच येणार. त्या पस्तीस सेकंदांत त्याने काय म्हटलं हे फक्त ज्याने ऐकलं त्याच्याकडे असतं, आणि ते त्याच रात्री लिहिलं नाही तर चार दिवसांत विरून जातं. वही त्यासाठी होती.

वहीचा पहिला आठवडा कोरा गेला. मुलगा म्हणाला, बघा, नंबर दिसतोय म्हटल्यावर बंद झालं. सोमवारी, ७ जुलैला रात्री पुन्हा घंटी वाजली. सेटवर दहा आकडी मोबाईल नंबर आला. मुलाने पाळीवरून घरी आल्या आल्या तो नाव ओळखणाऱ्या ॲपमध्ये घातला आणि वाचतोय तर त्यांचंच आडनाव! घरात आग लागल्यासारखं झालं. त्याला समजवायला मला तासभर लागला. असलं ॲप दाखवतं ते सिमच्या मालकाचं नाव नव्हे. कुणी ना कुणी आपल्या फोनमध्ये तो नंबर ज्या नावाने साठवला असेल ते तिथं येतं. आणि वडगाव, शहापूर, खासबागेत त्या आडनावाची घरं मोजायला गेलात तर संध्याकाळ व्हायची. सिम कुणाच्या नावावर आहे हे तेव्हा कंपनी सांगायची, आणि तेही पोलिसांनाच.

त्याच आठवड्यात तो बोलायला लागला. बुधवारी सुनेने फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी मी वही बघितली. वेळ लिहिली होती, पुढं फक्त 'घाण बोलला'. मी तिला म्हटलं, पोरी, हे चालणार नाही. जे बोलला तेच लिहायला हवं, शब्दाला शब्द. ती मान खाली घालून बसली. पेन हातात धरलं, दोनदा वहीवर टेकवलं, आणि ठेवून दिलं. स्वतःच्या अक्षरात ते शब्द, आणि वही नातीची. मला पुढं काय बोलावं सुचेना. काकू आत भाकऱ्या थापत होत्या. त्या हात धुऊन बाहेर आल्या, पदराला पुसत सुनेशेजारी बसल्या. "मी लिहितो. आण हिकडं ती वही. तू माझ्या कानात सांग." सून कानात सांगत होती आणि काकू लिहीत होत्या, सातवीतल्या अक्षरात, एकेक काना-मात्रा सावकाश. चार ओळी झाल्या. त्यांच्या तोंडावरची रेघ हलली नाही. लिहून झाल्यावर त्यांनी वही मिटली, फडताळात वर ठेवली आणि परत चुलीकडे गेल्या.

ते शब्द इथं देत नाही. पण या प्रकरणात जे काही झालं ते त्या चार ओळींवर उभं आहे.

चौथ्या आठवड्यात, शुक्रवारी २५ जुलैला, श्रावणाच्या पहिल्याच रात्री, काकूंनी फोन उचलला. तो म्हणाला, "तुझा पोरगा अकराला सुटतोय न्हवं? एक दिवस घरला पोचायचा न्हाई." हा फोन आम्ही टिपला होता. सेटचा स्पीकर चालू करून शेजारी मुलाचा जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवायची सवय तोवर लागली होती. ती फाईल कुणाला पाठवू नका, तिचं नाव बदलू नका, मोबाईल जसाच्या तसा बाजूला ठेवा, एवढं मी बजावलं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे असा पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ यंत्र हातात असलं की ते काम सोपं जातं.

त्या रात्री आम्ही वही मांडीवर घेऊन बसलो. चार आठवड्यांत एकोणीस फोन. पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा मुलगा पहिल्या पाळीला होता, एकही नाही. एकोणीसच्या एकोणीस दुसऱ्या पाळीच्या दोन आठवड्यांतले. त्यातली एक नोंद वेगळी होती. मंगळवारी २२ला मुलाला ताप होता, तो कामावर गेलाच नव्हता. रात्री पावणेनऊला फोन आला, त्याने उचलला, पलीकडच्याने ताबडतोब ठेवून दिला.

म्हणजे फोन करणाऱ्याला पाळी माहीत होती, पण त्या दिवशी मुलगा घरी आहे हे माहीत नव्हतं. गल्लीतल्या माणसाला कळलं असतं, गाडी दारातच उभी होती. शॉपमधल्याला कळलं असतं, मशिन बंद होतं. पाळ्यांचा क्रम ठाऊक असलेला, पण आता दोन्ही ठिकाणी नसलेला माणूस. आणि पुतण्याला तर मुलाच्या पाळ्या कधी माहीतच नव्हत्या. दोन वर्षं तो या घरात आला नव्हता. हे कुणी मोठ्याने बोललं नाही. मुलाने वही माझ्या हातातून घेतली, पुन्हा पहिल्या पानापासून बघितली आणि परत दिली.

शनिवारी सकाळी ठाण्यात गेलो. कुठलं ठाणं ते लिहीत नाही. टेबलावरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून घेतो, तुम्ही नंबर बदला. त्याचं पूर्ण चुकलं असं म्हणता येणार नाही. धमकी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१, हा अदखलपात्र गुन्हा आहे. नाव लपवून धमकी दिली तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाने दोन वर्षांपर्यंतची वाढीव शिक्षा आहे; जुन्या दंड संहितेच्या ५०७चंच ते नवं रूप. पण तेही अदखलपात्रच, मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. बहुतेक घरं इथूनच परत फिरतात.

मी वहीतलं ते पान उघडून समोर ठेवलं. बाईच्या शीलाचा अपमान होईल असं बोलणं हे कलम ७९, आणि ते दखलपात्र आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या, कलम १७४मध्ये सरळ लिहिलंय की एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. त्याने चार ओळी वाचल्या. पुढचं काही मला सांगावं लागलं नाही. उठून आत गेला आणि महिला अधिकाऱ्याला बोलावून आणलं. कलम ७९ची माहिती महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. वहीत 'घाण बोलला' एवढंच राहिलं असतं तर आम्ही एन.सी.चा कागद घेऊन घरी आलो असतो.

आता आपल्याकडची अडचण. आमची तक्रार मराठीत, ठाण्यातलं टायपिंग कन्नडात. लिहून घेतलेली माहिती तक्रारदाराला वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची, हे कायद्यातच आहे. सीमाभागात आपली माणसं लाजून म्हणा, घाईने म्हणा, न वाचताच सही करतात. काकूंनी विचारलं, "काय लिवलाय ते मराठीत सांगा की." माहिती लिहून घेणाऱ्या रायटरने सांगितलं आणि लक्षात आलं की शुक्रवारचं वाक्य गळलं होतं. 'अनोळखी इसम वारंवार फोन करून त्रास देतो', एवढ्यात धमकी मावली होती. मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. तीन पानी मराठी मजकूर वाचत वाचत कन्नडात उतरवताना असं होतं. सांगितल्यावर त्याने काहीही न कुरकुरता वाक्य घातलं, पुन्हा वाचलं, मग सह्या झाल्या. संशयिताच्या रकान्यापाशी मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कोणावर न्हाई. अनोळखीच घाला."

वही मुद्देमाल म्हणून जमा झाली. मागच्या पानांवर काकूंनी जुलैचा दुधाचा हिशेब मांडला होता. देण्याआधी त्यांनी तो एका चिठ्ठीवर उतरवून घेतला.

पुढचे तीन आठवडे कठीण होते. मुलगा अकराला सुटल्यावर एकटा येत नव्हता. मच्छे गावचा एक सहकारी गाडीवरून घरापर्यंत सोडायचा आणि मग मागे फिरायचा. नातीला फोन उचलायची मनाई. बाकीच्यांसाठी एकच रीत: उचलायचा, ऐकायचा, उत्तर द्यायचं नाही, ठेवायचा, नव्या वहीत लिहायचं. नंबर ब्लॉक करायचा नाही आणि लाईन काढायची नाही, यावर मी हटून बसलो. लाईन काढली असती तर तो सुनेच्या मोबाईलवर आला असता. दारात कुणी दिसलं, वाट अडवली तर वही-बिही बाजूला ठेवून ११२, हेही ठरलं होतं.

माझी एक चूक इथं लिहून ठेवतो. ९ जुलैच्या त्या फोननंतर लगेच ठाण्यात जायला हवं होतं. दखलपात्र गुन्हा त्याच रात्री घडला होता. वही पुरी होऊ दे म्हणून मी थांबवलं, आणि त्या घराने आणखी सोळा दिवस सोसले. वही तक्रारीनंतरही चालू ठेवता आली असती.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पोलीस घरी येऊन सांगून गेले. सिम खानापूर तालुक्यातल्या एका म्हाताऱ्याच्या नावावर होतं. बाजारच्या दिवशी छत्रीखाली सिम विकणाऱ्याकडे त्याने एका सिमसाठी अंगठा दिला होता. 'उमटला नाही' म्हणून दुसऱ्यांदा घेतला, त्याचं दुसरं सिम निघालं. (आपल्या नावावर किती नंबर आहेत ते संचार साथी पोर्टलवर दोन मिनिटांत दिसतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं एकदा बघून घ्या.) त्या सिमवरून माणूस सापडत नव्हता. सापडला तो हँडसेटवरून. कंपनीच्या नोंदीत हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राची ओळख सांगणारा क्रमांकही असतो, आणि त्याच हँडसेटमध्ये रविवारी-रविवारी दुसरं सिम पडत होतं, स्वतःच्या नावाचं.

मुलाचा जुना सोबती. आठ महिन्यांपूर्वी शॉप सोडलेला. एका सोसायटीच्या कर्जाला जामीन राहा म्हणून मागे लागला होता, मुलाने नको म्हटलं होतं. मुलगा ते विसरूनही गेला होता. जूनमध्ये मी 'कुणाला जामीन?' विचारलं तेव्हा त्याने खरंच उत्तर दिलं होतं: कुणाला नाही. 'कुणाला नाही म्हणालास?' हे विचारायचं मला सुचलं नाही. कलम ७९, ३५१ आणि खोट्या सिमसाठी दूरसंचार कायद्याचं कलम ४२ लागलं. प्रकरण कोर्टात आहे, म्हणून त्याबद्दल एवढंच.

गणपतीला अनगोळचा पुतण्या आला. काकूंनी स्वतः निरोप धाडला होता. आरती झाली, जेवणं झाली, आणि पानं उचलायच्या आत काकूंनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझ्यावर संशय गेलता आमचा." तो बराच वेळ काही बोलला नाही. बोटाने पानावरचा भात गोळा करत राहिला. मग म्हणाला, कागद आणा बघू.

त्याचं शिक्षण गदगला कन्नड शाळेत झालेलं, वडिलांची नोकरी तिकडं होती. घरात कन्नड सरळ वाचणारा तो एकटा. एफ.आय.आर.ची प्रत महिनाभर फडताळात पडून होती, ठाण्यात ऐकलं तेवढंच सगळ्यांना माहीत. तो एक ओळ कन्नडात वाचायचा, लगेच मराठीत सांगायचा. सून दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. दुसऱ्या पानाच्या मध्याला तो अडखळला, सुनेकडे बघितलं आणि दोन-तीन ओळी सोडून पुढं वाचायला लागला.

"मधलं गाळू नको," काकू म्हणाल्या. "ते बी वाच. मीच लिवलोय ते."